शाकंभरीमाय, जिभेला वळण दे

आई जगदंबे, बालाघाटच्या डोंगरात तुळजापूरला पौष शुद्ध अष्टमीला तुझे घट बसतात आणि पौर्णिमेला शाकंभरी नवरात्राची सांगता होते. त्या पौर्णिमेला कितीतरी घरांत तुझ्यापुढे साठ भाज्यांचा नैवेद्य मांडतात. साठ जुळल्या नाहीत तर जितक्या जुळतील तितक्या. मेथी, पालक, चुका, शेपू, करडई, दोडका, दुधी, कारलं, वांगी, गवार, घेवडा, मुळा. ताटात मावत नाहीत म्हणून परातीत मांडतात. लोक तुझ्यापुढं नोकरी मागतात, पोरीचं लग्न मागतात, पाऊस मागतात. माझं मागणं त्या परातीतलंच आहे. आई, मला भाजी आवडू दे.

नुसती खायची ताकद दे, असं म्हणत नाही. खातो मी. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून खातो, घरात कुणी कष्टानं केलेली असते म्हणून खातो, शेजारी बसलेलं लेकरू माझ्या ताटाकडं बघत असतं म्हणून खातो. पण घास तोंडात गेला की जीभ आखडते. मेथीचा कडवटपणा, शेपूचा वास, भेंडीची तार, दुधीचा तो मऊ मिळमिळीतपणा. भाकरीचा मोठा तुकडा आणि भाजीची चिमूट असा हिशेब करत, मध्ये पाण्याचा घोट घेत ताट संपवतो. अन्न तुझं आहे. ते असं नाइलाजानं पोटात जाऊ नये. कुणी रात्रीच्या लायटीला उठून वाफ्याला पाणी दिलेलं असतं, कुणी वाकून खुडलेलं असतं, कुणी जुड्या बांधून पहाटेच बाजार गाठलेला असतो. ते आनंदानं खाल्लं जावं, एवढीच इच्छा आहे.

तू हे समजून घेशील म्हणून तुझ्याकडं आलो. सप्तशतीच्या अकराव्या अध्यायात तू देवांना वचन देतेस की शंभर वर्षं पाऊस पडणार नाही तेव्हा मी येईन, आणि पाऊस पडेपर्यंत माझ्या देहातून उगवलेल्या भाज्यांवर सगळं जग जगवीन. असा दुष्काळ आम्हाला पोथीतून समजून घ्यावा लागत नाही. १९७२ पाहिलेली माणसं अजून गावागावांत आहेत. परदेशातून आलेली तांबडी मिलो आणि सुकडी खाऊन खडी फोडल्याचं ती सांगतात, आणि त्याच दमात बांधावरच्या भाज्यांची नावं घेतात. तरोटा, कुर्डू, तांदूळजा, पाथरी, घोळ. घरात दाणा नव्हता तेव्हा ह्या भाज्या होत्या. तू आली होतीस, असंच मी त्याला म्हणतो. आणि २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ते तर आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. घागरी रांगेत लावून रात्र रात्र जागणाऱ्या शहरात मेथीच्या वाफ्याला पाणी कोण देणार होतं?

माझ्या जिभेचं कारण मला तिथंच सापडतं. औसा तालुक्यातल्या आमच्या घरी रोजचं कोरड्यास म्हणजे तुरीचं वरण, नाहीतर पिठलं, सोबत शेंगदाण्याची किंवा कारळाची चटणी. माळवं आठवडी बाजारातून यायचं, दोन-तीन दिवसांत संपायचं किंवा सुकायचं. उन्हाळ्यात तर वाळवून ठेवलेली गवार आणि वांग्याच्या वाळक्या फोडी. काळ्या रानात ज्वारी, तूर, हरभरा चांगला येतो. पालेभाजीला मात्र दोन-चार दिवसांआड पाणी पाहिजे, आणि आमच्याकडं नेमकं तेच नसतं. जे लहानपणी जिभेवर नेमानं आलंच नाही ते मोठेपणी परकं वाटणारच. हा दोष मी माझ्या माथी घेत नाही आणि रानाच्याही माथी मारत नाही. उशिरानं का होईना, ओळख करून दे, एवढंच म्हणतो.

जीभ घडवताना तू कडू चवीवर सगळ्यात कडक पहारा ठेवलास. गोड ओळखायला एक रचना पुरते, कडू ओळखायला मात्र पंचवीसच्या आसपास वेगवेगळ्या रचना आहेत, असं शास्त्र सांगतं. विषारी पाला बऱ्याचदा कडू असतो, आणि रांगणारं लेकरू हाताला येईल ते तोंडात घालतं. तुझ्या पहाऱ्यानं कितीतरी पिढ्यांचे जीव वाचले. तो पहाराही सगळ्यांना सारखा दिला नाहीस. १९३१ साली आर्थर फॉक्स या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत एक भुकटी हवेत उडाली. शेजारच्या माणसाला ती जहर कडू लागली आणि फॉक्सला तिची चवच कळली नाही. एकच पान दोन जिभांवर दोन चवींचं असू शकतं, हे तेव्हापासून माहीत झालेलं आहे. म्हणून आई, ज्या लेकराला जेवताना "नखरे करतंय" म्हणून टोचून बोलतात त्याच्या वतीनंही मी तुझ्यापुढं उभा आहे. ती मेथी त्याला आपल्यापेक्षा खरंच जास्त कडू लागत असेल. वाढणाऱ्यांना सबुरी दे. धाक घालून भरवलेल्या घासानं तिटकारा तेवढा पक्का होतो, आणि घरोघरच्या मोठ्या माणसांना अशी एखादी भाजी आजही आठवते.

पण जीभ शिकते, हेही तूच ठेवलंस. नको असलेली चव थोडी थोडी, पुन्हा पुन्हा, न रागावता समोर येत राहिली की तिची ओळख पटते. लेकरांना त्यासाठी आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही चाखावं लागतं, असं आहाराचे अभ्यासक सांगतात. बहुतेक आईबाप त्याच्या कितीतरी आधी हात टेकतात. आणि सगळ्यात जुनी ओळख तर आईच्या पोटातली. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या जुली मेनेला यांनी २००१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही बायकांना गरोदरपणी आणि काहींना अंगावर पाजण्याच्या महिन्यांत गाजराचा रस प्यायला दिला होता. पुढं त्यांच्या बाळांनी गाजराच्या चवीचं खाणं इतर बाळांपेक्षा खुशीनं खाल्लं. आई जे खाते त्याची चव गर्भजलात उतरते, दुधात उतरते. हे वाचलं तेव्हा मी पोथी पुन्हा उघडली. तू देहातून भाज्या उगवून जग पोसलंस, ती फार जुनी गोष्ट म्हणून मी वाचत होतो. ती तर दर बाळंतिणीच्या कुशीत रोज घडते. आमच्याकडं बाळंतिणीला शेपू आणि मेथी आवर्जून घालतात. माझ्याही आईला कुणी घातली असेल. त्या दुधातून माझ्या जिभेला जे सांगितलं गेलं ते पुन्हा जागं कर.

तुम्ही देवांनी आमचं वर्षही असं लावून दिलंय की माणसानं कितीही टाळलं तरी एकेक भाजी त्याच्या पानात यावी. भाद्रपदात ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाची नसलेली भाजी. त्याच पंधरवड्यात महालक्ष्म्या जेवतात तेव्हा पुरणपोळी आणि आंबिलीबरोबर सोळा भाज्या. पितृपंधरवड्यात कारलं, गवार, भेंडी, भोपळा, जे पितरांच्या पानात तेच आपल्या पानात. चातुर्मासात वांगं वर्ज्य करणारे लोक चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवतात आणि मगच वांग्याचा घास घेतात. आता वांगं बारा महिने मिळतं आणि त्याचं कौतुक गेलं. चार महिने न खाल्लेलं वांगं आरावर भाजताना साल कसं करपतं, देठाशी रस कसा फसफसतो, आणि दाण्याचं कूट, लसूण, हिरवी मिरची पडली की भाकरी व्हायच्या आधीच बोट कसं लागतं, हे त्या दिवशी कळतं. थोडं वर्ज्य करण्यातही गोडी वाढते. मला तो उपासही शिकव.

आणि मग मार्गशीर्ष अमावास्या, आमची येळवस. त्या दिवशी लातुरात सुट्टी असते, बाजारपेठ बंद, रस्ते मोकळे, अख्खं शहर रानात. आदल्या रात्री घरोघर बायका भज्जीचं निवडत बसतात. तुरीच्या ओल्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, वाटाणा, वाल, भुईमूग. दाण्यांचा ढीग एकीकडं, सालांचा दुसरीकडं, आणि नखं हिरवी झालेली. त्यात मेथी, चुका, कांद्याची पात, लसणाची पात, गाजर, वांगी, असेल ते. पहाटे हे सगळं एका पातेल्यात शिजतं, चिंचेचं पाणी पडतं, कालवलेलं हरभऱ्याचं पीठ लागतं आणि घट्ट, आंबट, हिरवी-पिवळी भज्जी रटरटू लागते. डोक्यावर आंबिलीचं बिंदगं, दुरडीत उंडे, धपाटे, तिळाच्या पोळ्या, गव्हाची खीर. रानात कडब्याची कोप उभी असते, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पाच पांडव. पूजा होते, पिकात आंबील शिंपडतात, मग पंगत. ज्याला शेत नाही तो ज्याला आहे त्याच्याकडं जातो. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवतात.

त्या पंगतीत मी भज्जी दुसऱ्यांदा मागून घेतो, आई. तिच्यात मला एरवी नको असलेल्या निम्म्या भाज्या असतात. चुका आहे, मेथी आहे, वांगं तर आहेच. मग तिथं का आवडते? मी याचा पुष्कळ विचार केलाय. सकाळपासून शिवार चालून खरी भूक लागलेली असते. शेंगा रात्री आपणच सोललेल्या असतात. चिंचेचा आंबटपणा आणि दाण्याचा गोडवा कडवटपणाला सांभाळून घेतो. सगळ्यांच्या पानात एकच पदार्थ असतो, म्हणून कुणी कुणाच्या पानाकडं बघत नाही. आणि कुणीही कुणाला "भाजी खा" म्हणत नाही. ते नैवेद्याचं असतं, ते घ्यायचंच असतं. शहरातल्या स्वयंपाकघरात टीव्हीसमोर, अर्ध्या भुकेवर, संध्याकाळच्या फरसाणानंतर जी भाजी माझ्यापुढं येते तिच्या नशिबी यातलं काही नसतं. त्या एका दुपारची भूक मला उरलेल्या वर्षाला पुरव. जेवायच्या आधीचं अरबट-चरबट माझ्या हातून सोडव. भाजी निवडायला बसायची मला बुद्धी दे, कारण ज्या जुडीतून गवत वेचलं, पिवळी पानं काढली, देठ मोडले, तिच्याबद्दल ताटात आल्यावर परकेपणा राहत नाही.

त्या पाच दगडांपुढं बसलं की मला त्यांच्या वनवासातली थाळी आठवते. द्रौपदीचं जेवण झालेलं, सूर्यानं दिलेली थाळी त्या दिवसापुरती रिती झालेली, आणि दुर्वास शिष्यांचा मेळा घेऊन जेवायला आलेले. कृष्णानं थाळी मागून घेतली. काठाला भाजीचं एक पान चिकटलं होतं, ते त्यानं तोंडात टाकलं आणि जगाची भूक भागली. ज्याच्या घरी दही-लोण्याला तोटा नव्हता त्यानं एका पानावर समाधान मानलं. अरणचा सावता माळी पंढरीची वाट न धरता आपल्या मळ्यात वाफे भिजवत राहिला आणि त्याला विठोबा तिथंच भेटला, असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. त्या दोघांची नजर मला दे. ताटातल्या पानात तू आहेस, हे मला मान्य आहे. माझ्या जिभेलाही ते मान्य करायला लाव.

एका भाजीपुरती ही प्रार्थना तू आधीच ऐकली आहेस, म्हणून पुढचं मागायचा धीर होतो. माझी बायको देगलूरची. देगलूर, बिलोली, धर्माबाद हा नांदेडचा तेलंगणाला लागलेला पट्टा, तिथं अंबाडीवाचून जेवणाला पूर्णपणा नाही. लग्नाआधी मी अंबाडीच्या वाटेलाही जात नव्हतो. ती कशी करते ते मी चुलीजवळ बसून पाहिलं. पानं देठावरून ओरबाडून काढायची, उकळत्या पाण्यात टाकायची. क्षणात हिरवी पानं शेवाळी होतात. ते आंबटढाण पाणी पिळून टाकायचं. मग तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून सगळं गुरगुट शिजवायचं आणि पळीनं घोटायचं. ताटात वाढल्यावर मधोमध आळं करायचं. छोट्या कढईत तेल कडकडीत तापवायचं, ठेचलेला लसूण आणि वाळलेली लाल मिरची सोडायची, लसूण तांबूस झाला की ते तेल चर्रकन त्या आळ्यात. पहिला घास मी तेलाच्या लोभानं घेतला, दुसरा लसणाच्या. अंबाडी त्यांच्यामागून आली. आज पावसाळ्यात अंबाडीची कोवळी जुडी दिसली की मीच घेऊन येतो. आमची आजी जुन्या दिवसांत करडईच्या घाण्याचं तेल वापरायची. त्या तेलात पालेभाजीचा स्वाद खुलतो, असं मला अजून वाटतं.

तेव्हा आई, करणाऱ्या हातांना यश दे. कारल्याला मीठ चोळून, पिळून, चिंच-गूळ-दाण्याच्या कुटात मुरवण्याएवढा वेळ त्यांना दे. दोडक्याची साल फेकून न देता तिळाबरोबर चटणीला घेणारं कसब टिकू दे. शेपूत मुगाची डाळ आणि भरपूर लसूण घालावा हे ज्यांना माहीत आहे त्यांनी ते पुढच्यांना सांगावं. पाण्यात उकडून मीठ भुरभुरलेल्या भाजीनं कुणाची जीभ वळत नाही. येसराची आमटी करणाऱ्या आमच्या मराठवाड्याला मसाल्याचं शहाणपण कमी नाही, ते पालेभाजीच्याही वाट्याला येऊ दे. आणि हे सगळं एकट्या बाईच्या माथी राहू देऊ नकोस. विळीवर बसायला, निवडायला, फोडणी द्यायला मलाही हात आहेत. मागणं माझं आहे, तर खपणंही माझं असावं.

एक दुःख तुझ्यापुढं मांडतो. बांधावरच्या ज्या भाज्यांनी बाहत्तरला माणसं तगवली त्या आता रानात दिसेनाशा झाल्या. ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं, सोयाबीनबरोबर तणनाशक आलं, आणि त्या फवाऱ्याला घोळ, तांदूळजा, पाथरी यांच्यातलं आणि गवतातलं अंतर कळत नाही. करडईचा पेरा घटला, तशी थंडीतली करडईची कोवळी भाजी दुर्मीळ झाली. हरभऱ्याचे शेंडे खुडून आणलेली आंबूस भाजी, चिंचेचा चिगूर घातलेलं वरण, ही नावं माझ्या पोरीला सांगावी लागतात. शेतकऱ्याला मी बोल लावणार नाही. निंदायला माणूस मिळत नाही, मजुरी परवडत नाही, हे मी घरातच पाहतो. पण प्रत्येक शेताच्या एका कोपऱ्यात, विहिरीच्या नाहीतर बोअरच्या कडेला, फवाऱ्यावाचूनचा एक तुकडा राहू दे. परभणीच्या कृषी विद्यापीठानं करडईचे वाण काढून ठेवलेत; ते पेरायची इच्छा लोकांना होऊ दे.

लेकरांसाठी मागतो. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या लेकराला रोज ५० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या लेकराला ७५ ग्रॅम भाजी ठरवून दिलेली आहे. ती खिचडीत पडते आणि लेकरं बोटानं बाजूला काढतात. ज्या शाळांनी आवारात परसबाग लावली तिथं आपल्या हातानं लावलेली पालक, आपल्या हातानं तोडलेला टोमॅटो त्याच लेकरांच्या तोंडात जातो. अशा प्रत्येक शाळेला पाण्याचा एक नळ दे.

आणि लातुरात शिकायला आलेल्या पोरांकडं बघ. शिकवणीच्या भागात गल्लोगल्ली वसतिगृहं आणि खानावळी आहेत. पंधरा-सोळा वर्षांची पोरं डॉक्टर व्हायचं म्हणून गाव सोडून येतात, आणि रोजच्या बटाट्याच्या पातळ भाजीला कंटाळून वडापाव आणि नूडल्सवर रात्र काढतात. त्यांच्यातल्या कितीतरी जणांचा डबा गावाहून एसटीनं येत आलाय. पहाटे चारला उठून मायनं केलेल्या तीन भाकरी, फडक्यात बांधलेली सुकी मेथी, कोपऱ्यात चटणी, झाकणावर पोराचं नाव. स्टँडवर डब्यांच्या गर्दीतून आपला डबा शोधणारं पोरगं मी पाहिलंय. आई, त्या डब्यातली भाजी त्यानं आधी खावी. जी जीवशास्त्राच्या पुस्तकात लोह आणि जीवनसत्त्वं पाठ करून परीक्षेत उतरवतात, त्यांच्या अंगात ती भाजीतूनही उतरू दे. रक्त कमी म्हणून गोळ्या घेणाऱ्या आमच्या पोरींना मेथी आणि राजगिऱ्याचा तिटकारा राहू देऊ नकोस. त्यावर लिंबू पिळलं तर अंगाला लोह अधिक लागतं, हेही त्यांना कुणी सांगावं.

नांदेडला गोदावरीकाठी १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला, तिथल्या हजूर साहिबच्या लंगरात मी जेवलो आहे. पंगतीत आवडनिवड कुणी विचारत नाही. बाजूला देशभरातून आलेली माणसं मांडी घालून मटार सोलत, भाजी चिरत बसलेली असतात. कुणी कुणाचं नाव विचारत नाही, सुरी हातात घ्यायची आणि बसायचं. तिथं ताटात पडलेलं मी नाव न ठेवता खाल्लं आणि गोड लागलं. तुझ्या नावानं असो, गुरूंच्या नावानं असो, तो भाव माझ्या घरच्या ताटाजवळ राहू दे.

माझी घाई नाही. सगळ्या भाज्या एकदम आवडाव्यात असा हट्ट नाही. अंबाडी झाली, आता करडईकडं वळव, मग मेथीकडं. शेपूला वेळ लागेल, ते तू जाणतेस. एक घास रागावल्यावाचून घेण्याची शांती रोज दे. पानात काही उरवू देऊ नकोस, आणि नावडतं पान पुन्हा समोर आलं तर "कालच तर खाल्लं" असं म्हणू देऊ नकोस. माझ्या ताटाकडं बघणाऱ्या माझ्या पोरीला माझ्या चेहऱ्यावर कंटाळा दिसू नये. जिला वांगं घशाखाली उतरत नाही तिला ते उतरेपर्यंत दुसरं काही हिरवं मिळू दे. ज्याला भाजी आवडते पण विकत घेणं परवडत नाही, त्याच्या घरी आधी जा, माझ्याकडं नंतर ये.

गंजगोलाईच्या मधोमध तुझं देऊळ आहे. चहूबाजूंनी सोळा रस्ते तिथं येऊन मिळतात, आणि लातूरचा अर्धा व्यवहार तुझ्या डोळ्यांदेखत होतो. शंभर डोळ्यांनी तू जगाकडं पाहिलंस असं म्हणतात. त्यातला एक आमच्या मांजरा आणि गोदावरीच्या खोऱ्यावर असू दे. या वर्षी पावसाचा खंड पाडू नकोस. धनेगावचं धरण आणि विष्णुपुरीचा जलाशय भरू दे, उन्हाळ्यात बोअर आटू देऊ नकोस, आणि घागरी भरून झाल्यावर परड्यातला मेथीचा एक वाफा भिजेल एवढं पाणी प्रत्येक दारात उरू दे.